तास भरले, पण शिकणं झालं का? कम्युनिटी कॉलेजातलं सेवा-शिक्षण

फेब्रुवारीतला एखादा शनिवार डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेतल्या एका लहान शहराचं सार्वजनिक वाचनालय. कोपऱ्यात चार टेबलं मांडली आहेत. हॉटेलात भांडी घासणारी एक बाई पिशवीतून कागद काढते आहे: वर्षभराच्या पगाराचा दाखला, बँकेचा कागद, दोन मुलांची सोशल सिक्युरिटी कार्डं. समोर बसलेला मुलगा जवळच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या पदवीच्या कॉलेजात, अकाउंटिंग शिकतो. तो तिचं आयकर विवरणपत्र भरून देणार आहे, एकही डॉलर न घेता. त्यासाठी त्याने आधी एक परीक्षा दिली आहे, आणि त्याने भरलेला अर्ज दुसऱ्या कुणी तपासल्याशिवाय पुढे जात नाही.

ही योजना अमेरिकेच्या महसूल खात्याची आहे. तिचं नाव व्हॉलंटिअर इन्कम टॅक्स असिस्टन्स, पण सगळे तिला व्हीटा म्हणतात. ती पन्नास वर्षांहून जुनी आहे. कमी उत्पन्नाच्या लोकांना कराचा अर्ज फुकटात भरून मिळावा, हा तिचा हेतू. अनेक कॉलेजांचे विद्यार्थी तिथे काम करतात.

आता मुद्दा सोमवारचा. सोमवारी तो मुलगा वर्गात गेला, सरांनी त्याच्या कागदावर ‘सहा तास’ असं लिहून सही केली आणि नेहमीचा धडा सुरू झाला, तर शनिवारी झाली ती समाजसेवा. ती चांगलीच आहे, कुणी तिला कमी लेखू नये. पण समजा त्या मुलाने वर्गात विचारलं, “सर, त्या बाईंचा पगार इतका कमी होता की त्यांना कर लागतच नव्हता. तरी सरकारकडून त्यांनाच पैसे मिळाले. हे कसं?” आणि सरांनी ठरलेला धडा बाजूला ठेवून १९७५ पासून चालत आलेली ‘अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट’ ही सवलत फळ्यावर मांडली. कष्टाच्या कमाईवर मिळणारी ही सवलत भरायच्या करापेक्षा मोठी झाली, तर वरची रक्कम हातात मिळते. मुलांच्या संख्येनुसार ती बदलते. कमाई वाढते तशी आधी वाढते, मग एका टप्प्यावर थांबते, मग हळूहळू उतरत शून्य होते. मग सरांनी उलटा प्रश्न टाकला: महसूल खातंच सांगतं की या सवलतीला पात्र असलेल्या साधारण पाचातल्या एकाने ती मागितलेलीच नसते, असं का होत असेल? त्या मुलाकडे याचं उत्तर आहे, कारण शनिवारी त्याने तीन माणसं पाहिली ज्यांना ही सवलत असते हेच माहीत नव्हतं. सत्राच्या शेवटी परीक्षेत यावर प्रश्न आला.

तर ते सेवा-शिक्षण झालं.

सेवा-शिक्षण म्हणजे अभ्यासक्रमातला एखादा विषय आसपासच्या माणसांच्या खऱ्या गरजेशी जोडून शिकणं. निव्वळ स्वयंसेवेत तराजू ज्याला मदत मिळते त्याच्याकडे झुकलेला असतो. इंटर्नशिपमध्ये, किंवा आपण ज्याला ऑन जॉब ट्रेनिंग म्हणतो त्यात, तो विद्यार्थ्याकडे झुकतो, कारण काम त्याच्या नोकरीच्या तयारीसाठी असतं. सेवा-शिक्षणात दोन्ही पारडी समतोल ठेवायची असतात. बाईंना पैसे मिळाले पाहिजेत आणि मुलाला कर समजला पाहिजे. यातलं एक जरी राहिलं तरी दुसऱ्याने ते भरून निघत नाही.

या दोन पारड्यांना जोडणारी दांडी म्हणजे मनन. शब्द जड वाटला तरी गोष्ट साधी आहे. केलेल्या कामाकडे थांबून पाहायचं आणि तीन गोष्टी विचारायच्या: काय घडलं? त्याचा अर्थ काय? आता पुढे काय? ही उत्तरं वहीत लिहिता येतात, वर्गात बोलता येतात, दहा मिनिटांच्या सादरीकरणात मांडता येतात. पण हे प्रश्न कुणीतरी विचारावे लागतात. अनुभव आपोआप शिकवत नाही. वीस वर्षं तोच अनुभव घेऊनही न शिकलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

‘सर्व्हिस लर्निंग’ हा शब्द १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या ओक रिज इथे रुळला. रॉबर्ट सिग्मन आणि विल्यम रॅम्झी हे दोघे तिथे विद्यार्थ्यांना स्थानिक विकासकामांशी जोडत होते. पुढे १९७९ मध्ये सिग्मन यांनी तीन तत्त्वं मांडली, आणि मला ती आजही या विषयावरची सर्वांत नेमकी वाटतात. काय सेवा हवी हे ज्यांना ती मिळणार त्यांनी ठरवायचं. त्या सेवेमुळे ती माणसं स्वतःच्या पायावर अधिक उभी राहिली पाहिजेत. आणि सेवा करणारा हाही शिकणारा असतो, तेव्हा काय शिकायचं यात त्याचंही म्हणणं असलं पाहिजे.

विचाराचं मूळ त्याहून जुनं आहे. शाळा म्हणजे जगण्याची पूर्वतयारी असं न मानता शाळा हेच जगणं आहे असं म्हणणारे जॉन ड्युई न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकवत होते, आणि १९१३ ते १९१६ या काळात तिथे शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची व्याख्यानं ऐकली होती. इकडे वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ च्या परिषदेत महात्मा गांधींनी नई तालीम मांडली. हाताने टकळी फिरवताना मुलाने सुताची लांबी मोजावी, त्यातून गणित शिकावं, कापूस कुठून आला यातून भूगोल शिकावा. म्हणजे आपल्यासाठी ही कल्पना परकी नाही. तिचा एक धागा आपल्या घरातूनच जातो.

आता कम्युनिटी कॉलेजाकडे. आपल्याकडे हा शब्द ऐकला की लहान मुदतीचे कौशल्य अभ्यासक्रम आठवतात, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ च्या सुमारास त्याच नावाची योजना आणली. अमेरिकेतलं कम्युनिटी कॉलेज वेगळं. तिथे दोन वर्षांची असोसिएट पदवी मिळते. ती घेऊन कुणी चार वर्षांच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जातं, तर कुणी नर्सिंग, दातांची निगा, मोटार दुरुस्ती असलं काही शिकून थेट कामाला लागतं. प्रवेश जवळजवळ सर्वांना खुला. फी विद्यापीठाच्या मानाने बरीच कमी. १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी सहा विद्यार्थ्यांवर पहिलं सार्वजनिक कनिष्ठ कॉलेज सुरू झालं. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या आयोगाच्या अहवालाने ‘कम्युनिटी कॉलेज’ हा शब्द देशभर नेला. आज अशी हजाराच्या आसपास कॉलेजं आहेत.

तिथे कोण शिकतं हे नीट पाहिल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. साधारण दोन तृतीयांश विद्यार्थी अर्धवेळ शिकतात. सरासरी वय सत्तावीस-अठ्ठावीसच्या घरात. दिवसा गोदामात काम करून रात्री वर्गाला येणारा बाप, एकटीने मूल वाढवणारी आई, नुकताच देशात आलेला आणि अजून इंग्रजी शिकणारा कामगार, सैन्यातून परतलेला जवान. मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात १९४६ पासून सकाळी लवकर वर्ग भरवले जात, म्हणजे कचेरीत जाणाऱ्यांनाही शिकता यावं. त्या वर्गांची आठवण ज्यांच्या घरात आहे त्यांना हे विद्यार्थी कोण ते चटकन कळेल.

मला इथे सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही: या कॉलेजांमध्ये सेवा देणारा आणि सेवा घेणारा यांच्यात भिंत नाही. मोठ्या खाजगी विद्यापीठातला मुलगा गरीब वस्तीत जातो तेव्हा तो बाहेरून जातो आणि संध्याकाळी परत फिरतो. कम्युनिटी कॉलेजातली मुलगी त्याच वस्तीत राहते. ज्या अन्नपेढीत ती धान्याच्या पिशव्या भरायला जाते, तिथूनच कदाचित तिच्या आईने गेल्या महिन्यात पिशवी आणलेली असते. तिला ‘गरिबांचं जीवन कसं असतं’ यावर निबंध लिहायला सांगणं हा तिचा अपमान आहे. तिच्याकडे ज्ञान आधीच आहे. शिक्षकाने तिला हत्यार द्यायचं असतं: आकडेवारी कशी वाचायची, अर्ज कसा लिहायचा, नगर परिषदेपुढे तीन मिनिटांत मुद्दा कसा मांडायचा. होनोलुलूच्या कपिओलानी कम्युनिटी कॉलेजात १९९५ पासून सेवा-शिक्षणाचं काम चालत आलं आहे. तिथले विद्यार्थी पालोलो खोऱ्यातल्या सरकारी घरांच्या वस्तीत मुलांचा अभ्यास घेतात. अशा ठिकाणी शिकवणारा आणि शिकणारा अनेकदा एकाच प्रकारच्या घरातून आलेला असतो, आणि लहान मुलाला कॉलेजात गेलेला ‘आपल्यातला’ कुणीतरी दिसतो. ही ताकद श्रीमंत विद्यापीठाला कितीही पैसा ओतून मिळायची नाही.

म्हणजे सेवा-शिक्षणासाठी याहून योग्य जागा नाही, आणि ते वाढवायला याहून अवघड जागाही नाही.

वाढवायचं म्हणजे नेमकं काय वाढवायचं?

एखाद्या प्राध्यापिकेने मनापासून एका वर्गात हे सुरू करावं, विद्यार्थी खुलावेत, वार्षिक अहवालात छायाचित्र यावं, आणि मग वरून आदेश निघावा की पुढच्या वर्षी हे सगळ्या कॉलेजात व्हावं. इथून अडचणी सुरू होतात. गणित मांडून पाहू. वीस वर्ग, प्रत्येकात पंचवीस विद्यार्थी, म्हणजे ५००. एका सत्रात प्रत्येकी १५ तास काम, म्हणजे ७,५०० तास. एका संस्थेला एका वेळी पाच विद्यार्थी नीट सांभाळता येतात असं धरलं तर शंभर संस्था लागतील. लहान शहरात शंभर संस्था नसतात. असतील त्यांपैकी निम्म्या दोन माणसांवर चालतात. मग काय होतं? एकाच वृद्धाश्रमात एका दिवशी चाळीस मुलं जातात, गाणी म्हणतात, फोटो काढतात, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांचा दिवस त्या मुलांना सांभाळण्यात जातो. तास मात्र भरतात.

शिक्षणाचे टीकाकार विचारवंत इव्हान इलिच यांनी एप्रिल १९६८ मध्ये मेक्सिकोत मदतीला जाणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवक विद्यार्थ्यांसमोरच एक कठोर भाषण केलं होतं. पाहायला या, डोंगर चढायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका, असा त्याचा आशय होता. मला ते भाषण पूर्ण पटत नाही. पण त्यातला एक प्रश्न झटकता येत नाही: तुम्हाला बोलावलं कुणी?

हा प्रश्न मला एका आजींनी विचारला आहे. मी तालुक्याच्या गावी वाणिज्य शिकवतो आणि काही वर्षं राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी होतो. एका दत्तक गावात आम्ही घरोघर जाऊन पाहणी केली. पाणी कुठून आणता, शौचालय आहे का, कर्ज कुणाचं, मुली किती शिकल्या. मुलांनी मन लावून फॉर्म भरले. ते फॉर्म कॉलेजच्या कपाटात गेले. पुढच्या वर्षी नव्या मुलांना घेऊन त्याच गावात गेलो, तेव्हा ओट्यावर बसलेल्या आजी म्हणाल्या, “मास्तर, गेल्या साली बी पोरी येऊन समदं लिहून घेऊन गेल्या. त्याचं पुढं काय झालं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्या दिवशी मला कळलं की आम्ही त्यांच्याकडून वेळ घेतला होता, माहिती घेतली होती, आणि परत काहीही दिलं नव्हतं. सेवा तर त्यांनी आमची केली होती.

म्हणून वाढवण्याचा पहिला निकष मी हा मानतो की जोडीदार संस्था किंवा गाव दुसऱ्या वर्षी पुन्हा या म्हणतं का. अमेरिकेत जिथे हे नीट चालतं तिथे एक साधी पद्धत असते. सत्र सुरू होण्याआधी प्राध्यापक आणि संस्था बसून एका पानावर लिहून काढतात: काम काय, किती विद्यार्थी चालतील, कोणत्या दिवशी, देखरेख कुणाची, सत्र संपताना संस्थेच्या हातात काय येईल. लहान मुलांशी काम असेल तर विद्यार्थ्यांची पूर्वतपासणी, विमा, येण्याजाण्याची सोय. हे कंटाळवाणं वाटतं, पण सत्र पंधरा आठवड्यांचं असतं आणि तयारीतच पाच गेले तर उरतं काय?

विद्यार्थ्याचा वेळ

दोन नोकऱ्या करणाऱ्या आईला ‘आणखी पंधरा तास बाहेर काम कर’ असं सांगणं म्हणजे तिला तो विषय सोडायला सांगण्यासारखं आहे. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देऊ नये. त्यावरची चांगली उत्तरं सगळी एकाच दिशेची आहेत: काम जास्तीचं नसावं, ते एखाद्या नेमून दिलेल्या कामाच्या जागी यावं. संख्याशास्त्राच्या वर्गात शेवटचा प्रकल्प असतोच. पाठ्यपुस्तकातली काल्पनिक आकडेवारी घेण्याऐवजी अन्नपेढीची खरी घ्या, महिन्याच्या कोणत्या आठवड्यात रांग वाढते ते काढा, आणि तो तक्ता त्यांच्या स्वाधीन करा. विद्यार्थ्याला कुठे जावं लागत नाही, वर्गाच्या वेळातच काम होतं. इंग्रजी लेखनाच्या वर्गात दवाखान्यासाठी सोप्या भाषेतलं माहितीपत्रक लिहिता येतं. जीवशास्त्राचा वर्ग ओढ्याच्या पाण्याचे नमुने प्रात्यक्षिकाच्या तासालाच तपासू शकतो. ज्यांना जास्त वेळ आहे त्यांच्यासाठी काही कॉलेजांत तीन क्रेडिटच्या (क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजायचं एकक) विषयाला चौथं क्रेडिट जोडून घेण्याची सोय असते. ते ऐच्छिक असतं, त्यामुळे कुणी अडकत नाही.

क्रेडिटबद्दल एक नियम या क्षेत्रात पक्का मानला जातो: गुण सेवेचे नसतात, शिकण्याचे असतात. चाळीस तास काम करून काहीच न कळलेल्या मुलाला कमी गुण, आणि बारा तासांत विषय उलगडलेल्या मुलीला जास्त. ऐकायला कठोर वाटतं. पण इतिहासाच्या पेपरात आपण वाचनालयात किती तास बसलास यावर गुण देत नाही.

चार वर्षांच्या विद्यापीठात पुढे जाणाऱ्यांची आणखी एक काळजी असते. ‘समाजसेवा’ नावाचा वेगळा विषय घेतला तर पुढचं विद्यापीठ तो मोजेल का? म्हणून स्वतंत्र विषय काढण्यापेक्षा आहे त्याच विषयाच्या पोटात हे बसवणं विद्यार्थ्याच्या फायद्याचं ठरतं.

शिकवणाऱ्याचा वेळ

अमेरिकन कम्युनिटी कॉलेजांत शिकवणाऱ्यांपैकी बहुसंख्य अर्धवेळ असतात. त्यांना ॲडजंक्ट म्हणतात. एका विषयाचे ठरावीक पैसे, सत्र संपलं की पुढचा भरवसा नाही, अनेकदा दोन-तीन कॉलेजांत गाडी हाकत फिरायचं. आपल्याकडे तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर शिकवणाऱ्या मित्रांना हे वेगळं समजावून सांगायला नको. अशा माणसाला ‘तुम्ही संस्थांशी बोला, मुलांना घेऊन जा, वह्या तपासा’ असं म्हणणं आणि त्याचा मोबदला न देणं हा अन्याय आहे. सेवा-शिक्षण शिक्षकाच्या फुकट श्रमावर उभं राहत असेल तर ते त्याच्या उत्साहापुरतंच टिकतं. तो थकला की किंवा दुसरीकडे लागला की संपतं.

म्हणून जिथे हे काम वाढून टिकलं, तिथे बहुतेक ठिकाणी एक समन्वयक आणि एक छोटं कार्यालय दिसतं. संस्थांची यादी, विम्याचे कागद, गाडीची सोय हे सगळं ते कार्यालय बघतं. प्राध्यापकाने विषय आणि मनन एवढंच सांभाळायचं. नव्याने सुरू करणाऱ्याला एका तासिकेची सूट किंवा थोडं मानधन मिळतं. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांच्या राष्ट्रीय संघटनेने १९९४ पासून या कामासाठी कॉलेजांना लहान अनुदानं दिली, आणि त्यासोबत एक शहाणपणाची गोष्ट केली: अनुभवी कॉलेजातल्या लोकांना नव्या कॉलेजांचे मार्गदर्शक म्हणून जोडून दिलं. शिक्षक दुसऱ्या शिक्षकाचं ऐकतो. परिपत्रकाचं तो पालन करतो, पण ऐकतो असं म्हणता येणार नाही.

त्या पैशाचा मोठा भाग ‘लर्न अँड सर्व्ह अमेरिका’ या केंद्रीय योजनेतून येत होता. २०११ मध्ये अमेरिकन काँग्रेसने त्या योजनेचा निधीच काढून घेतला. बाहेरच्या अनुदानावर समन्वयकाचा पगार चालत असेल तर अशा दिवशी कार्यालयाला कुलूप लागतं. तो पगार कॉलेजच्या स्वतःच्या अंदाजपत्रकात, परीक्षा विभागाच्या किंवा ग्रंथालयाच्या खर्चाच्या शेजारच्या ओळीत असेल, तरच वाढ झाली असं म्हणावं.

उपयोग होतो का? २००० साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २२ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांची माहिती तपासली होती. ते चार वर्षांच्या कॉलेजांतले होते, हे लक्षात ठेवायला हवं. नुसत्या स्वयंसेवेपेक्षा अभ्यासक्रमाशी जोडलेल्या सेवेचा फायदा बऱ्याच बाबतींत जास्त दिसला. मला त्यातला पुढचा भाग मोलाचा वाटतो: अनुभव चांगला ठरला तो विद्यार्थ्याला मूळ विषयात गोडी असेल तर, आणि प्राध्यापकाने वर्गात त्यावर चर्चा घडवली तर. तासांच्या संख्येपेक्षा सोमवारचा वर्ग महत्त्वाचा, हेच पुन्हा.

हे सगळं मी आज लिहितो आहे याला कारण आहे. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या आराखड्यात फील्ड प्रोजेक्ट आणि समुदाय सहभाग यांना क्रेडिट मिळू लागली आहेत. स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून हा आराखडा आला. आपल्याकडे सेवेची परंपरा मोठी आहे. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला, ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांवर राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि सात दिवसांचं विशेष शिबीर. त्या शिबिरांनी माझ्या कित्येक विद्यार्थ्यांना घडवलं आहे. पण ही सेवा योजना अभ्यासक्रमाच्या बाहेर होती. वनराई बंधारा बांधणारा बी.कॉम.चा मुलगा आणि खतावणी शिकणारा बी.कॉम.चा मुलगा एकच असले, तरी या दोन गोष्टींची गाठ पडत नव्हती. आता पहिल्यांदा ती पडू शकते.

आणि पहिल्यांदाच ती फाइलमध्येही अडकू शकते. प्रात्यक्षिक कामाला एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तास. दोन क्रेडिटला ६०. वर्गात १२० मुलं असली की ७,२०० तास. वरचं शंभर संस्थांचं गणित आपल्या तालुक्यातही जसंच्या तसं येऊन उभं राहतं. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी जिओ-टॅग, म्हणजे जागेची नोंद असलेले, फोटो लागतात, हजेरीपत्रक लागतं, अहवाल लागतो, आणि ते सगळं एका माणसाला एका सत्रात उभं करायचं असतं. मग सोपा रस्ता एकच उरतो, एक फेरी, एक फलक, एक फोटो. माझ्या सहकाऱ्यांना मी दोष देत नाही. मीही तेच केलं आहे.

वाणिज्य शाखेपुरतं मला काय करावंसं वाटतं ते सांगतो. आमच्या आसपास महिला बचत गट आहेत. गटाची पंचसूत्री गावातल्या कुठल्याही ताईला पाठ असते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, नियमित नोंदी. अडतं ते शेवटच्या सूत्रावर. रोकडवही, सभासदांची खतावणी, पासबुक यांच्या बेरजा जुळत नाहीत, आणि लिहिणारी एकच बाई असते. आमच्या मुलांना नेमकं हेच येतं.

एक उदाहरण घ्या. गटातून एका ताईंनी ५,००० रुपये घेतले, व्याज महिना दोन टक्के, फेड दहा हप्त्यांत, दर महिन्याला मुद्दलाचे ५००. व्याज दर वेळी मूळ ५,००० वरच धरलं तर महिन्याला १०० प्रमाणे दहा महिन्यांत १,००० रुपये. उरलेल्या मुद्दलावर धरलं तर पहिल्या महिन्यात १००, मग ९०, मग ८०, असं उतरत शेवटच्या महिन्यात १०. एकूण ५५०. फरक ४५० रुपयांचा. शेतात मजुरीला जाणाऱ्या बाईसाठी ही एकापेक्षा जास्त दिवसांची कमाई आहे. पुस्तकात हा धडा दीड पानाचा असतो आणि मुलं तो पाठ करून विसरतात. गटाच्या वहीत तोच हिशेब समोर आला की विसरत नाहीत. शिवाय प्रश्न इथे थांबत नाही. व्याजाचा पैसा गटाच्याच निधीत जातो, तो वर्षाअखेर सगळ्या जणींचाच असतो. मग कमी व्याज कुणाच्या फायद्याचं? कर्ज घेणाऱ्या ताईच्या, की बचत करून कर्ज न घेणाऱ्या आजींच्या? यावर वर्गात एक अख्खा तास जाईल, आणि गटाने कोणती पद्धत ठेवायची हे शेवटी गटच ठरवील. आमची मुलं फक्त दोन्ही हिशेब समोर मांडतील.

यासाठी १२० मुलं नकोत. पहिल्या वर्षी बारा, सहा गट, दोघं-दोघं. उरलेल्यांना त्यांच्या फील्ड प्रोजेक्टची इतर कामं करू द्यावीत. दुसऱ्या वर्षी याच बाराजणांतल्या चौघांनी नव्या मुलांना शिकवावं. गावातल्या गटांचं काम पाहणाऱ्या समूह संसाधन व्यक्तीशी आधी बोलावं, कारण नोंदींच्या अडचणी तिला आमच्यापेक्षा जास्त माहीत असतात. गटाच्या बायकांची संमती हवी. कुणाचं कर्ज किती हे वर्गात नावानिशी येता कामा नये. मुलांना एसटीचं भाडं कॉलेजने द्यावं. सीएचबीवरच्या मॅडम सोबत येणार असतील तर त्यांचे तास मोजून पैसे द्यावेत, आणि प्राचार्यांकडून हे आधी लेखी घ्यावं. सत्र संपताना प्रत्येक गटाच्या हातात जुळलेली खतावणी आणि ती पुढे कशी लिहायची याचं एक पान असावं.

आणि पहिली बैठक कॉलेजच्या सभागृहात सकाळी अकराला घेऊ नये. त्या वेळी ताया शेतात असतात. ती गटाच्या नेहमीच्या बैठकीत, समाजमंदिरात, रात्री आठला, जेवणं उरकल्यावर व्हावी. त्या दिवशी मुलांनी वही उघडू नये. काय अडतंय ते ऐकून घ्यावं आणि पुढच्या वेळी यायचं की नाही ते त्यांनाच विचारावं.